पाकीट यंत्रात घालण्यापूर्वी

भाद्रपदाच्या सुमारास बारामती-इंदापूरकडच्या सहकारी संस्थांच्या कचेऱ्यांत एकच लगबग सुरू होते. आर्थिक वर्ष 31 मार्चला संपलेले असते, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. सभा म्हटली की नोटीस आली, नोटीस म्हटली की पाकीट आले, आणि पाकिटावर पत्ता. साखर कारखान्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे सभासद हजारोंनी. असले काम छापखान्याकडे देणेच त्यांना परवडावे. आपण बोलतो आहोत ते गावच्या विकास सोसायटीविषयी किंवा एखाद्या लहान पतसंस्थेविषयी. सभासद तीन-चारशे, सचिव एक, आणि कोपऱ्यात एक यंत्र. ते नक्कल काढते, स्कॅन करते, छापूनही देते. आपण त्याला सरसकट ‘झेरॉक्स’ म्हणतो.

या यंत्रात साधा कागद घातला की सरळ बाहेर येतो. पाकीट घातले की मात्र ते अडते, चुरगळते, नाहीतर चिकटून बाहेर येते. मग कुणीतरी म्हणतो, “राहू द्या, हाताने लिहू.” हाताने लिहायला काहीच हरकत नाही; पण तीनशे पत्ते घाईघाईने लिहिताना एखाद्याचा पिनकोड चुकतो, एखाद्याचे गाव वाचता येत नाही, आणि ती नोटीस पोचत नाही. ज्याला नोटीस पोचली नाही त्याच्या माघारी लाभांश ठरतो, पोटनियम बदलतात. म्हणून पाकीट का अडते ते एकदा नीट समजून घेऊ.

लेसर यंत्रातली शाई ही शाई नव्हेच. ती प्लॅस्टिकची अतिशय बारीक भुकटी असते. चेस्टर कार्लसन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1938 साली न्यूयॉर्कमधल्या अॅस्टोरिया येथे ही युक्ती प्रथम साधली. विजेच्या भाराने भुकटी हव्या त्या जागी ओढून घ्यायची, कागदावर उतरवायची आणि उष्णतेने पक्की करायची. आजच्या यंत्रात कागद शेवटी दोन रुळांमधून जातो. त्यांतला एक दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असतो, दुसरा दाब देतो. भुकटी वितळून कागदाच्या धाग्यांत बसते.

आता पाकीट म्हणजे काय ते बघा. एकच कागद, पण घड्या घालून खळीने चिकटवलेला. मध्ये दोन पदर, जोडावर तीन, कोपऱ्यात कधी चार. रूळ दाबू लागले की वरचा पदर आणि खालचा पदर सारख्या वेगाने सरकत नाहीत. एक पुढे, एक मागे. मागे राहिलेल्या कागदाला जायला जागा नसते, आणि तिथेच चुणी पडते. जाड पाकीट उष्णताही जास्त खाते. यंत्राला तुम्ही ‘साधा कागद’ सांगितलेले असेल तर ते आपल्या नेहमीच्या वेगाने धावते, भुकटी अर्धीकच्ची राहते, आणि बोट फिरवले की पत्ता पुसला जातो. म्हणून छपाईचा हुकूम देताना कागदाचा प्रकार ‘पाकीट’ निवडायचा. मग यंत्र जाडीच्या बेताने वेग आणि उष्णता सांभाळते. काही यंत्रांत मागचे दार उघडले की रुळांचा दाब कमी करणारे दोन खटके दिसतात. ते पाकिटासाठीच असतात. काम झाल्यावर पूर्ववत करायला विसरू नये. मागचे दार उघडे ठेवले की बऱ्याच यंत्रांत पाकीट वळण न घेता सरळ बाहेर पडते, हाही फायदाच.

खालच्या मोठ्या ट्रेमध्ये पाकिटे घालू नयेत. बाजूला किंवा पुढे हाताने कागद भरण्याचा छोटा ट्रे असतो, तो वापरावा. एका वेळी पाच-दहा, जास्त नाही. पाकीट पालथे की उताणे, झाकण कुठल्या बाजूला, याचे चित्र बहुतेक ट्रेवरच कोरलेले असते. घालण्याआधी टेबलावर ठेवून पट्टीने कडा दाबून घ्या, आतली हवा जाऊ द्या. आणि प्लॅस्टिकच्या खिडकीची किंवा सोलून चिकटवायची पाकिटे, त्यांवर लेसरला चालतात असे लिहिलेले नसेल, तर आत घालूच नका. खिडकी वितळून रुळाला बसली की दुरुस्तीचा खर्च पाकिटांच्या गठ्ठ्याहून कितीतरी अधिक येतो.

आता मापाचे. आपल्या बाजारात मिळणारे साधे लांबट पाकीट 9 बाय 4 इंचांचे. ए-फोर कागदाच्या तीन घड्या केल्या की तो 99 मिलिमीटर रुंद होतो आणि या पाकिटात जेमतेम बसतो. पण संगणकावर पाकीट निवडायला गेलात की बहुधा ‘साइज 10’ पुढे येते. ते अमेरिकन माप, साडेनऊ इंचांच्या लांबीचे. ते तसेच ठेवले की पत्ता सरकतो, कधी कडेवर जातो. म्हणून माप स्वतः भरावे, 229 बाय 102 मिलिमीटर, आणि तेच यंत्राच्या पडद्यावरही सांगावे. दोन्हीकडे एकच माप नसले की यंत्र रुसते.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे हवा. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा मुलूख, बाकी वर्षभर कोरडा. पण जो काही पाऊस पडायचा तो बराचसा सप्टेंबरात, नेमका नोटिशींच्या दिवसांत. ओलाव्याने पाकिटे वाकतात आणि झाकणाचा गोंद आपोआप धरतो. गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीतच ठेवावा, लागतील तेवढीच काढावीत. यंत्र शाईच्या फवाऱ्याचे असेल तर छापलेल्या एका पाकिटावर पाण्याचा थेंब टाकून बघा. पत्ता पसरला तर पोस्टमनच्या सायकलवरही पसरणारच. लेसरची भुकटी पाण्याला दाद देत नाही.

आणि पत्ता? नुसते ‘माळेगाव’ लिहून भागत नाही. बारामतीजवळ माळेगाव आहे, आणि एक मोठे मालेगाव नाशिक जिल्ह्यात आहे. बारामती तालुक्यातल्या माळेगावचा पिन 413115, नाशिककडच्या मालेगावचा 423203. पिनकोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला तो अशा घोटाळ्यांसाठीच. त्याची कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृतच्या मराठी पंडिताची. गंमत अशी की बारामती 413102 आणि इंदापूर 413106, दोन्ही पुणे जिल्ह्यातली, पण पहिले तीन आकडे सोलापूरचे. उलट बारामती तालुक्यातलेच सोमेश्वरनगर 412306. तेव्हा ‘जिल्हा पुणे, म्हणजे 411 असणार’ असा अंदाज करू नये. यादीतल्या प्रत्येक गावाचा पिन पडताळून घ्यावा.

यादी जुन्या मराठी फाँटात टाइप केलेली असेल तर दुसऱ्या संगणकावर तिची अगम्य रोमन अक्षरे होतात. आधी ती युनिकोडमध्ये करून घ्या, आणि तीनशे पाकिटे सोडण्यापूर्वी पाच साध्या कागदांवर छापून वाचा. उजवा वरचा कोपरा तिकिटासाठी आणि पोस्टाच्या शिक्क्यासाठी मोकळा ठेवा. डाव्या बाजूला खाली संस्थेचे नाव आणि पत्ता हवाच. तो असला म्हणजे न पोचलेले पाकीट परत येते, आणि कुणाचा पत्ता बदलला ते कळते. परत आलेली पाकिटे फोडू नका. पोस्टाचा शेरा दिसेल अशी फायलीत लावा, आणि पुढच्या सभेपूर्वी यादी त्यांवरून दुरुस्त करा.