उंदराचा फ्लू, माणसाचा फ्लू

फ्लूच्या विषाणूच्या नावात गाव आणि साल असते. आम्हा शायरांच्या नावाला गाव चिकटते, तसेच. 'पोर्तो रिको, ८, १९३४' हे त्यातले जुने नाव, प्रयोगशाळेत 'पीआर-८'. थॉमस फ्रान्सिस यांनी १९३४ मध्ये तो पोर्तो रिकोतल्या साथीतून वेगळा केला. मग फेरेट हा मुंगसासारखा प्राणी, उंदीर, कोंबडीची अंडी, असा शेकडो फेऱ्यांचा प्रवास झाला. उंदराच्या फुप्फुसात तो इतका रुळला, की थोड्या मात्रेतही उंदीर दगावतो. माणसाला मात्र तो आता फारसा बाधत नाही. अंड्यात जोमाने वाढतो, म्हणून लशीचे बियाणे करताना त्याची आतली जनुके घेतात आणि वरची दोन प्रथिने चालू साथीतल्या विषाणूची.

सोय मोठी, पण अडचण इथेच आहे. उंदीर माणसासारखा शिंकत नाही, दुसऱ्या उंदराला फ्लू सहसा देत नाही. तेव्हा 'नव्या औषधाने उंदीर वाचले' अशी बातमी वाचली, तर कोणत्या विषाणूपासून, हे जरूर विचारावे. साथ पसरते कशी, हे पाहायला फेरेटच लागतो; तो शिंकतो. १९३६ मध्ये लंडनमध्ये असाच एक आजारी फेरेट संशोधक चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस यांच्यावर शिंकला आणि त्यांना चांगलाच फ्लू झाला.