पहिलं पाणी खाडीचं

मे महिन्यात पेणहून अलिबागला एसटीने चालले होते. वडखळ मागे पडलं, धरमतरचा पूल ओलांडला आणि पोयनाडच्या अलीकडे रस्त्याकडेला पांढरंफटक रान लागलं. भेगाळलेल्या जमिनीवर पिठाचा हात फिरवावा तसा थर. शेजारी बसलेल्या बाईंना मी विचारलं, "मिठागरं का हो ही?"

"मिठागरं नाय बाय, भाताची शेतं हायेत. त्यातलं एक आमचं."

मला ते खरंच वाटेना. पोयनाडला उतरता उतरता त्या म्हणाल्या, "पाऊस लागला की ये. मग बघ." त्या पांढऱ्या रानात भात कसं उगवतं हे बघायला मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेले. पुढे ऑगस्टमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा. त्यांना मी काकी म्हणते, कारण त्यांचा पुतण्या त्यांना तेच म्हणतो.

जुलैत ते पांढरेपण कुठेच नव्हतं. सगळीकडे गढूळ पाणी, मधून बांधांच्या रेघा, आणि पलीकडे मातीचा उंच बाहेरकाठा. त्याच्या त्या अंगाला खाडी, या अंगाला शेतं. भरतीच्या वेळी काठावर उभं राहिलं की ध्यानात येतं, खाडीचं पाणी शेतापेक्षा उंचावर असतं. माणूस भरतीच्या पातळीखाली भात पिकवतो आहे, आणि मध्ये आहे ती फक्त माती.

काकी वाफ्यात उतरल्या, वाकल्या, पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. क्षणभर थांबून थुंकल्या. "अजून हाय. आजचं पानी सोडायचं."

ते बोट जिभेला लावणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पुतण्या कृषी पदविका शिकलेला आहे. त्याच्या खिशात पाण्याची क्षारता मोजायचं पेनाएवढं यंत्र असतं. त्याने ते त्याच वाफ्यात धरलं. आकडा आला पाचाच्या वर. भाताला साधारण 3 डेसीसायमन प्रति मीटरपर्यंतची क्षारता चालते, त्यापुढे एकेक अंक चढला की उत्पन्न बाराएक टक्क्यांनी घटतं, असं त्याने सांगितलं. समुद्राच्या पाण्याचा आकडा पन्नासच्या आसपास जातो. काकींनी यंत्राकडे पाहिलं नाही आणि पुतण्याला त्याचं काही वाटलं नाही. दोघांचं उत्तर एकच होतं.

खाऱ्या जमिनीत भाताला दोन दुखणी एकदम होतात. मातीत मीठ जास्त झालं की ओल असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही, पाण्यात उभं असलेलं रोप तहानेलं राहतं. त्यातून जे पाणी आत जातं त्याबरोबर सोडियम आणि क्लोराईड पानांत चढून साठत जातात आणि पान शेंड्याकडून जळत येतं. पोटॅश मातीत असलं तरी सोडियमच्या गर्दीत ते रोपाच्या वाट्याला नीट येत नाही. रोप अगदी कोवळं असताना आणि पुढे फुलोऱ्यात, या दोन वेळा नाजूक. मधल्या काळात भात बरंच सोसतं.

म्हणून इथे पेरणीच्या आधी जमीन धुतात. पहिल्या पावसाचं पाणी बांध घालून वाफ्यात कोंडायचं. वर आलेलं मीठ त्यात विरघळतं. दोन-तीन दिवसांनी, ओहोटी बघून ते पाणी खाडीत सोडायचं. पुन्हा कोंडायचं, पुन्हा सोडायचं. काकी म्हणतात, "पयलं पानी खाडीचं. शेताचं नंतरचं." कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो, म्हणून हे जमतं. धुण्याचं काम इथे आभाळ करतं, फक्त पाण्याला वाट करून द्यावी लागते.

ती वाट म्हणजे उघाडी. बाहेरकाठ्याच्या पोटात बांधलेलं दार, त्याला खाडीच्या बाजूने वरून टांगलेली झडप. भरती आली की खाडीचं पाणी झडपेला दाबतं आणि ती मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा जोर जास्त होतो आणि ती आपोआप उघडते. त्या दिवशी दुपारी आम्ही तिघं उघाडीवर बसलो होतो. खाडीचं पाणी खाली खाली गेलं, चिखल उघडा पडला, सडक्या अंड्यासारखा वास आला. मग झडप हलली. आधी नुसती थरथरली, कडेने पाण्याची एक चीर सुटली, आणि एकदम तपकिरी लोट बाहेर पडला. काकी उठल्या, झडपेत अडकलेली तिवराची फांदी काठीने काढली आणि पुन्हा बसल्या. फांदी अडकून राहिली तर रात्रीच्या भरतीला झडप मिटत नाही. सगळं केलेलं त्या एका फांदीपायी जातं.

"एकदा खाडी आत आली की तीन वर्षं गेली," त्या म्हणाल्या. एका उधाणाला बाहेरकाठ्याला खांड गेली होती, म्हणजे तो फुटला होता, तेव्हाचं बोलत होत्या. पहिल्या वर्षी काही उगवलं नाही. दुसऱ्या वर्षी पेंढा झाला, दाणा नाही. तिसऱ्या वर्षी घरापुरतं. तीन वर्षं.

घरी आलो तर पडवीत गोणपाटाखाली रहू ठेवलेला. भाताचं बी दिवसभर भिजवून, निथळून, गोणीत दाबून ठेवायचं, वर दगड. काकींनी गोणी सोडली तशी गरम वाफ तोंडावर आली. गोडसर, किंचित आंबूस, ताज्या ताकाच्या जवळ जाणारा वास. मी हात आत घातला तर बी चक्क ऊन लागत होतं. प्रत्येक दाण्याला पांढरा कोंब. हा मोड आलेला रहू धुतलेल्या चिखलात फेकून पेरतात. काही वाफ्यांत लावणीही करतात. तिथे रोपं जरा जून घेतात आणि एका चुडात दोन-तीनऐवजी पाच-सहा लावतात, म्हणजे दोन मेली तरी चूड राहतो.

बियाणं पनवेलच्या वाणाचं होतं. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचं खारभूमी संशोधन केंद्र पनवेलला आहे, तिथे खार सोसणारे वाण निवडले गेले. त्याआधी इथे भुरा राता आणि काळा राता पिकायचे, तांबड्या दाण्याचे. खारसोशीक भातावर काम करणारे परदेशातले शास्त्रज्ञही ही नावं ओळखतात. काकींना सासूच्या हातची रात्याची भाकरी आठवते. त्यांच्या घरात आता त्याचं बी नाही, आणि हे सांगताना त्यांचा आवाज उतरला.

ऑगस्टमध्ये गेले तेव्हा पावसाने दहा दिवस ओढ दिली होती. वाफ्यातलं पाणी आटलं की खालचं खारं पाणी मातीच्या केसाएवढ्या वाटांनी वर चढतं. साठवलेलं गोडं पाणी त्याला वरून दाबून धरत असतं, तेच नाहीसं झालेलं. शेजारच्या शेतात पिवळे पट्टे पडले होते. शेतमालकाने दुकानातून युरियाची गोण आणली होती. दुकानदाराने सांगितलं होतं, पिवळं पडलंय म्हणजे नत्र कमी आहे.

पुतण्याने त्याला वाफ्यात नेऊन दोन पानं हातात दिली. नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं सगळीच्या सगळी फिकी होतात आणि शेतभर तोच रंग दिसतो. इथे पानांचे शेंडे पांढरे पडून वळले होते, मधला भाग हिरवा, आणि तेही तुकड्या-तुकड्यांनी, जिथे जमीन जरा उंच तिथे. "दादा, हे मीठ हाय. युरिया टाकाल तर पैसे हवेत जातील." ते शब्दशः खरं आहे. खाऱ्या, अल्कली पाण्यावर फेकलेल्या युरियातलं बरंचसं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. काकींच्या लावणीच्या वाफ्यात युरिया-डीएपीच्या गोळ्या होत्या, चार चुडांच्या मधोमध, सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात खोचलेल्या. शेजारचे दादा गोणीकडे बघत राहिले. पैसे दिलेले होते. संध्याकाळी त्यांनी अर्धी गोण टाकलीच.

मला त्यांना दोष देता येत नाही. गोण एकट्याला विकत घेता येते. बाहेरकाठा एकट्याला बांधता येत नाही. पूर्वी जोळ असायचा, म्हणजे काठ्याआतल्या सगळ्या शेतकऱ्यांचा एकोपा. खांड गेली की घरटी माणूस चिखल वाहायला येई. याच तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षं खोतांविरुद्ध संप केला, जमिनी पडीक ठेवल्या. हीच खारी माणसं ती. पुढे 1948 च्या आणि मग 1979 च्या खारभूमी कायद्यांनी बांधबंदिस्ती सरकारच्या अंगावर आली आणि जोळ हळूहळू सुटला. आता खांड गेली की अर्ज जातो. पलीकडच्या काठ्याची खांड वेळेत बुजली नाही, तिथे भरती रोज आत येऊ लागली, कांदळवन उगवलं. कांदळ तोडायला कायद्याने बंदी आहे आणि ती हवीच. पण सातबाऱ्यावर भात आणि जागेवर जंगल अशी ती शेतं आता तीन वर्षांच्या हिशेबातही बसत नाहीत.

ऑक्टोबरमध्ये भात पिवळं झालं होतं. काकींनी ओढीच्या दिवसांत तळ्यातलं पाणी काढून दोन वाफे वाचवले होते, बाकीच्यांत पळंज, म्हणजे पोकळ दाणा, बरंच होतं. त्यांनी एक लोंबी तळहातावर चोळून फुंकर मारली. फोल उडालं. भरलेले दाणे मोजले नाहीत, माझ्या हातात दिले. चावून पाहिले, कच्च्या तांदळाची गोडी होती, आणि मागून काहीतरी खारट, कदाचित माझ्याच बोटांचं.

कोजागिरी दोन दिवसांवर होती, उधाणाची भरती येणार होती. कापणी अर्धी टाकून काकी बाहेरकाठ्यावर गेल्या. त्या खाली बघत चालत होत्या, मी मागून. बांधाच्या उतारावर खेकड्याचं एक बीळ होतं, तीन बोटं मावतील एवढं, त्याच्या तोंडाशी ओल. त्यांनी खाडीकडचा चिखल उचलला, त्याचा लांबट गोळा केला, कोपरापर्यंत हात घालून आत ढकलला आणि वरून टाचेने दाबला. चार पावलांवर दुसरं बीळ दिसलं. मी चिखल आणायला खाली उतरले.