उपचारांनंतरही सकारात्मक राहणारी उपदंश-चाचणी आणि रोगप्रतिकारक पेशींतील बदल

प्रस्तावना :
महाड व पोलादपूर तालुक्यांतील अनेक कुटुंबांचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या मुंबईतील रोजगारावर चालत आला आहे. आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या गावातील रुग्णाची रक्ततपासणी मुंबईत आणि पुढील तपासणी पोलादपुरात होणे त्यामुळे सहज शक्य असते. उपदंशाच्या, म्हणजेच लोकभाषेतील 'गरमी'च्या बाबतीत हा खंड महत्त्वाचा ठरतो. कारण पूर्ण उपचारांनंतरही काही रुग्णांची चाचणी सकारात्मकच राहते. प्रस्तुत लेखात या अवस्थेचे विवेचन केले आहे.

चाचणीचे स्वरूप :
उपदंशाचा जंतू ट्रेपोनेमा पॅलिडम १९०५ मध्ये शोधला गेला. व्हीडीआरएल व आरपीआर या चाचण्या प्रत्यक्ष जंतू शोधत नाहीत. कार्डिओलिपिन या स्निग्ध द्रव्याविरुद्धची प्रतिपिंडे त्या मोजतात. म्हणूनच गर्भावस्था, हिवताप वा कुष्ठरोग यांतही त्या क्वचित सकारात्मक येतात. टीपीएचए ही जंतुविशिष्ट चाचणी निदानास पुष्टी देते. परंतु ती बहुधा आयुष्यभर सकारात्मक राहत असल्याने उपचारांचे यश मोजण्यास निरुपयोगी असते. त्यासाठी व्हीडीआरएलचे टायटर पाहतात. ते चौपट घटल्यास, उदाहरणार्थ १:३२ वरून १:८ वर आल्यास, उपचार लागू पडले असे मानतात. त्यानंतर टायटर खालच्या पातळीवर दीर्घकाळ स्थिर राहिल्यास त्या स्थितीस 'सेरोफास्ट' अवस्था म्हणतात. उपचारित रुग्णांपैकी सुमारे १५ ते २० टक्क्यांत ती आढळू शकते.

पेशींतील बदल :
जंतूंचा नाश करण्यासाठी सहायक टी-पेशी महाभक्षी पेशींना उद्युक्त करतात, तर नियामक टी-पेशी हा प्रतिसाद आवरतात. नियामक पेशींच्या संशोधनास २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. सेरोफास्ट रुग्णांत सीडी-४ पेशींचे प्रमाण कमी व नियामक पेशींचे अधिक असल्याचे काही अभ्यासांत, विशेषतः चीनमध्ये, आढळले आहे. आवर घालणाऱ्या पेशी वरचढ झाल्याने अल्प जंतू शरीरात टिकतात काय, की जंतू नष्ट होऊनही प्रतिपिंडांची निर्मिती चालूच राहते, याचा निर्णय अद्याप झालेला नाही. अभ्यासांचे निष्कर्षही एकमुखी नाहीत. त्यामुळे टी-पेशींची मोजणी हा उपचार ठरविण्याचा निकष होऊ शकत नाही.

व्यावहारिक महत्त्व :
सकारात्मक अहवाल म्हणजे जिवंत रोग, असा सरसकट अर्थ लावल्यास रुग्णास वारंवार बेंझाथीन पेनिसिलिनची इंजेक्शने घ्यावी लागतात आणि वैवाहिक जीवनात अकारण संशय निर्माण होतो. याउलट अहवालाकडे दुर्लक्ष केल्यास नवा संसर्ग निसटतो. टायटर पुन्हा चौपट वाढणे हे पुनर्संसर्गाचे वा अपुऱ्या उपचारांचे लक्षण होय. अशा वेळी जोडीदाराची व एचआयव्हीची तपासणी आवश्यक ठरते. मज्जासंस्थेची लक्षणे असल्यास मेरुद्रवाचीही तपासणी करावी लागते. गर्भवतीच्या बाबतीत पूर्वीच्या उपचारांचा पुरावा नसल्यास बाळाच्या रक्षणासाठी पेनिसिलिन देणेच श्रेयस्कर असते.

समारोप :
एकट्या अहवालावरून या अवस्थेची ओळख पटत नाही. त्यासाठी पूर्वीच्या व आताच्या आकड्यांची तुलना करावी लागते, आणि ती शक्यतो एकाच प्रकारच्या चाचणीची असावी लागते. म्हणून टायटर, इंजेक्शनांची संख्या व तारखा यांची नोंद रुग्णाच्या हाती देणे हा उपचारांचाच भाग मानला पाहिजे. मुंबईहून गावी परतणाऱ्या रुग्णाजवळ हा कागद असल्यास अनावश्यक उपचार टळतील आणि आवश्यक उपचारांस विलंब होणार नाही.