फोटो एडिटिंगचं नवीन व्हर्जन घ्यायचं? आधी हा हिशोब करा



माझ्या ओळखीचे एक स्टुडिओवाले आहेत. ऐन लगीनसराईत, शुक्रवारी अल्बम द्यायचा होता आणि बुधवारी रात्री त्यांनी फोटो एडिटिंगचं नवीन व्हर्जन टाकलं. सकाळी बघतात तर बनवून ठेवलेल्या ॲक्शन गायब, त्वचा साफ करणारं प्लगइन उघडेना, आणि जुनं व्हर्जन अपडेट होतानाच निघून गेलेलं. शेवटी मित्राच्या दुकानात रात्रभर बसून अल्बम पूर्ण केला. सॉफ्टवेअर वाईट नव्हतं, वेळ चुकीची होती.

तुमच्या बाबतीत असं होऊ नये, म्हणून फोटोशॉपचंच उदाहरण घेऊन बघू.

१. गरज आहे की हौस?

एक कागद घ्या. आठवडाभरात कुठल्या कामाला किती वेळ गेला ते लिहा. बॅकग्राउंड काढणं, नको असलेला माणूस किंवा वायर पुसणं, यात रोज तास-दोन तास जात असतील, तर नवीन व्हर्जन खरंच कामाचं आहे. २०२३ मध्ये आलेल्या जनरेटिव्ह फिलमुळे अशी बरीच कामं झटपट होतात. पण तुमचं मुख्य काम पासपोर्ट फोटो आणि साधं कलर करेक्शन असेल, तर जुन्या व्हर्जनवरही ते तितकंच छान होतं.

२. पैशाचं गणित

२०१२ चं सीएस ६ हे एकदा पैसे भरून कायमचं मिळणारं शेवटचं फोटोशॉप. २०१३ पासून नवीन व्हर्जन फक्त भाडेतत्त्वावर, म्हणजे सबस्क्रिप्शनवर मिळतात. म्हणजे हा दुकानाच्या भाड्यासारखा कायमचा खर्च झाला.

समजा, महिन्याला २,००० रुपये जाणार आहेत आणि तुमच्या एका तासाची किंमत १०० रुपये आहे. मग महिन्यात २० तास वाचले तरच खर्च निघतो. २६ दिवस काम धरलं तर रोज साधारण पाऊण तास. तेवढा वेळ वाचतोय का? आणि वाचलेल्या वेळात नवीन ऑर्डर घेणार आहात का? दोन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तरच पुढे जा.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. वर्षाचा प्लॅन महिन्याच्या हप्त्याने घेतला आणि मध्येच बंद केला, तर शुल्क लागू शकतं, म्हणून अटी वाचा. आणि तुमची जीएसटी नोंदणी असेल तर बिल दुकानाच्या नावाने, जीएसटी नंबर टाकूनच घ्या.

३. कॉम्प्युटर झेपेल का?

नवीन फोटोशॉपला किमान ८ जीबी रॅम लागते, १६ जीबी असेल तर उत्तम. ४ जीबीच्या मशीनवर पैसे भरून काही उपयोग नाही. तिथे आधी रॅम आणि एसएसडीवर खर्च करा.

४. बदल करताना

- सीझन संपल्यावर, हातात ऑर्डर नसताना करा.
- ॲक्शन पॅनेलमध्ये पूर्ण सेट निवडून ‘सेव्ह ॲक्शन्स’ करा. ब्रश आणि प्रीसेटही बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा.
- अपडेट करताना ‘रिमूव्ह ओल्ड व्हर्जन्स’ समोरची टिक काढा. जुनं आणि नवीन दोन्ही एकाच मशीनवर चालतात.
- प्लगइन नवीन व्हर्जनला चालतं का, ते आधी तपासा. बहुतेक वेळा ते पुन्हा इन्स्टॉल करावं लागतं.
- जुन्या पीएसडीची कॉपी करूनच नवीनमध्ये उघडा.

५. मराठी फॉन्ट

पत्रिका आणि फ्लेक्सवाल्यांनी इथे जास्त काळजी घ्या. ‘ज्ञानेश्वर’, ‘श्रीकृष्ण’, ‘कार्याध्यक्ष’ असे शब्द टाइप करून जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट दिसतात का बघा. जुने टाइप १ फॉन्ट फोटोशॉपने २०२१ पासून बंद केलेत. छपाई झाल्यावर नवरदेवाचं नाव चुकलेलं दिसलं, तर तो खर्च आपल्याच खिशातून जातो.

आणि क्रॅकचं काय?

‘सगळेच वापरतात’ हे मला रोज ऐकायला मिळतं. पण कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३बी नुसार, माहीत असून चोरीचं सॉफ्टवेअर वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. शिवाय क्रॅकबरोबर व्हायरस आला, तर गिऱ्हाइकाचे लग्नाचे फोटो गेले. ते लग्न पुन्हा होत नाही, मित्रांनो! बजेट नसेल तर गिम्प मोफत आहे. शिकायला थोडा वेळ लागेल, पण रात्री झोप शांत लागेल.

तर आज एकच काम करा. तो कागद घ्या आणि आठवडाभर वेळ लिहा. नवीन व्हर्जन घ्यायचं की नाही, हे तो कागदच सांगेल. भेटू पुढच्या व्हिडिओत!