बांबूत सापडलेली मुलगी

बालमित्रांनो, तुम्हीसुद्धा आजी-आजोबांजवळ येऊन बसा. आज एक जपानी गोष्ट सांगायची आहे.

एक म्हातारा रानात बांबू तोडायचा. एके दिवशी एक बांबू आतून चकाकताना दिसला. पाहतो तो काय, आत तळहातावर मावेल एवढी मुलगी! म्हातारा-म्हातारीने तिला पोटच्या पोरीसारखे वाढवले. पुढे बांबूत सोनेही सापडू लागले. मुलगी मोठी झाली, तिचे नाव कागुया. पाच बड्या लोकांनी तिला मागणी घातली. तिने कोणाला ड्रॅगनचे रत्न आणायला सांगितले, कोणाला आगीत न जळणारे वस्त्र. सगळ्यांची फजिती झाली! शेवटी पौर्णिमेच्या रात्री चंद्रावरची माणसे तिला न्यायला आली. ती मूळची तिथलीच होती.

ही गोष्ट हजार वर्षांहून जुनी. जपानी भाषेतली ती सर्वांत जुनी कथा मानतात. लिहिणाऱ्याचे नाव मात्र कोणालाच ठाऊक नाही.

२०१३ साली इसाओ ताकाहाता यांनी तिच्यावर कार्टून चित्रपट काढला. तेव्हा त्यांचे वय होते ७८! इथे इस्राएलात 'हलेव' नावाने लागलेली, आईला शोधायला निघालेल्या मार्कोची मालिकाही त्यांचीच, १९७६ सालची. या चित्रपटातली चित्रे कोळशाने रेखाटून वर पाण्याचे रंग सोडल्यासारखी दिसतात. संवाद आधी मुद्रित केले आणि चित्रे नंतर काढली. म्हाताऱ्याला आवाज देणारे ताकेओ चिई २०१२ साली वारले. पडद्यावर मात्र त्यांचा आवाज ऐकू येतो.

चित्रपटातला म्हातारा वाईट नाही. सोने सापडले म्हणजे मुलीला राजकन्या करायचे, असे त्याला वाटते. तो तिला शहरात नेतो, मोठा वाडा बांधतो, रेशमी कपडे आणतो. सगळे तिच्या भल्यासाठीच! पण तिचा जीव गावातल्या सवंगड्यांत, डोंगरात अडकलेला. तुला काय हवे, हे विचारायचेच राहून जाते. त्याला ते कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. चंद्रावरचे वस्त्र अंगावर पडले की पृथ्वीची आठवणच पुसली जाते. तरी जाताना ती एकदा मागे वळून पाहते, आणि डोळ्यांत पाणी येते.

आपण मोठ्यांनीही मुलांच्या भल्यासाठी पुष्कळ काही केले. घर बदलले, देश बदलला. त्यांना विचारले का? खरे सांगायचे तर, वेळच नव्हता.

म्हणून हा चित्रपट नातवंडांबरोबर बसून पाहा. बालमित्रांनो, संपल्यावर आजीला विचारा, तुझे गाव कसे होते? आणि आजी-आजोबा, तुम्हीही नातवंडांना विचारा, बाळा, तुला काय आवडते? मग उत्तर निवांतपणे ऐका.