पॅड जाड, तरी खरखर

पावसाळाभर चिपळूणला राहिलेली एक इलेक्ट्रिक गाडी पुण्यातल्या गॅरेजमध्ये उभी आहे. मालकांची तक्रार एवढीच, की सावकाश जाताना मागून खर्र, खर्र येतं. पॅड संपले असतील, बदलून टाका, असंही ते सांगून मोकळे झालेत. मेस्त्री पान्याला हात लावत नाहीत. "काका, आधी एक चक्कर मारून येऊ."

चक्कर कंपाउंडच्या लांब भिंतीलगत. काचा खाली, एसी बंद, वेग पंधराच्या आसपास. चाकाचा आवाज भिंतीवर आपटून सरळ कानात येतो. पेट्रोल गाडीत इंजिनाच्या घरघरीत जे बुडून जातं, ते इथे स्पष्ट ऐकू येतं. वेग वाढला की खरखरही भरभर होते. म्हणजे घासणारी वस्तू चाकाशीच आहे. मग गाडी न्यूट्रलमध्ये टाकून मेस्त्री हलकेच ब्रेक दाबतात. न्यूट्रलमध्ये मोटर वेग रोखत नाही, सगळं काम पॅडवर येतं. आवाज बदलत नाही.

एरवी या गाडीत पॅडना फारसं काम नसतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मोटरच जनरेटर होते, गाडी मंदावते आणि वीज बॅटरीत परत जाते. बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर तिला ही वीज घेता येत नाही. ही सोय उत्तमच आहे, पण डिस्क असते बिडाची. दमट हवेत तिच्यावर एका रात्रीत तांबूस थर चढतो. रोज ब्रेक लागत असेल तर दोन-चार सिग्नलमध्ये तो पुसला जातो. इथे पुसायला कोणी नाही. फोक्सवॅगनने 2020 मध्ये आणलेल्या आयडी.3 ला मागच्या चाकांत म्हणूनच ड्रम ब्रेक आहेत, बंद ड्रममध्ये पाणी कमी शिरतं.

आता टेंपरेचर गन. हीच तपासणी इलेक्ट्रिक गाडीत सर्वांत बोलकी ठरते. पेट्रोल गाडी फिरून आली की चारही डिस्क तापलेल्या, त्यातून काय ओळखणार? इथे तीन डिस्क जेमतेम कोमट आहेत. मागची डावी मात्र हात लावू देत नाही.

लिफ्टचे हात ठरलेल्या जागीच लावावे लागतात, कारण मधल्या पोटात बॅटरी आहे. हँडब्रेक इलेक्ट्रॉनिक असल्याने स्कॅनर जोडून आधी तो सर्व्हिस मोडमध्ये घेतात. कॅलिपर सुटतो, पॅड काही निघत नाही. त्याचे दोन्ही कान ब्रॅकेटच्या खाचेत गंजाने घट्ट धरलेत. हातोडीचे हलके ठोके बसतात, गंजाची पापुद्री गळते, पॅड सुटतो. जाडी भरपूर शिल्लक! नुसते नवे पॅड त्याच खाचेत ठोकले असते, तर पुढच्या पावसात काका पुन्हा इथेच आले असते.

खाच तारेच्या ब्रशने लख्ख होते. गाईड पिन पुसून त्यांना ब्रेकचंच ग्रीस लागतं, साधं ग्रीस रबर फुगवतं. पॅड आता बोटाने सरकतो. मोकळ्या रस्त्यावर न्यूट्रलमध्ये पाच-सहा वेळा बेताने ब्रेक दाबल्यावर डिस्कवरचा तांबूस पट्टा करडा होतो.

भिंतीलगत पुन्हा चक्कर. काका मागच्या सीटवर, डाव्या खिडकीला कान लावून. टायरखाली खडी चुरडल्याचा आवाज येतो, तेवढाच.