धावत्या गाडीचा स्वर

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर रायपूर वसलेले आहे. तेथील चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे. त्या वस्तीतला एखादा संगीतज्ञ रुळांपासून सुरक्षित अंतरावर उभा राहिला आणि शिट्टी वाजवीत एखादी गाडी समोरून निघून गेली, तर त्याला काय ऐकू येईल?

गाडी जवळ येते तसतसा स्वर चढत जातो, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः वाढत जातो तो आवाजाचा मोठेपणा. वेग कायम असेल तर स्वर आरंभापासूनच चढा असतो आणि गाडी समोरून जाताना तो उतरतो. गाडीच्या चालकाला मात्र शिट्टीचा स्वर एकच ऐकू येतो.

याचे कारण साध्या हिशेबाने कळेल. समजा, शिट्टी सेकंदाला ३२० कंपने करते आणि गाडीचा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पहिला तरंग ३४० मीटर पुढे जाईतो गाडीही २० मीटर पुढे सरकते. म्हणून ३२० तरंग ३२० मीटरांतच दाटतात. प्रत्येक तरंग एक मीटर लांबीचा झाला, आणि कानावर सेकंदाला ३४० तरंग येऊन आदळले. गाडीच्या मागे तेच तरंग ३६० मीटरांत पसरतात. तिथे कानाला सुमारे ३०२ च मिळतात. हे प्रमाण नवास आठ, म्हणजे ऋषभावरून षड्जावर उतरण्याचे!

क्रिस्टिआन डॉपलर याने १८४२ मध्ये प्राग येथे ही उपपत्ती मांडली. १८४५ मध्ये बाइज बॅलट याने हॉलंडमध्ये तिची परीक्षा घेतली. गाडीत तुतारीवादक बसविले आणि रुळांकडेला स्वरज्ञानी माणसे उभी केली. तयार कान हेच त्या प्रयोगाचे उपकरण होते.

हलत्या वस्तूवर आपटून परतणाऱ्या तरंगांनाही हाच नियम लागू पडतो. कानाला न ऐकू येणारे ध्वनितरंग डॉक्टर गर्भवतीच्या उदरात सोडतात. बाळाच्या धडधडत्या हृदयावरून ते परततात तेव्हा त्यांची कंपनसंख्या किंचित बदललेली असते, आणि तेवढाच फरक यंत्र ऐकवते. नाळेतील रक्तप्रवाहाचीही अशीच परीक्षा होते. बाळाचे पोषण नीट होत नसेल तर त्याची सूचना वेळीच मिळू शकते. रुळांकाठी स्वराचा उतार घडविणारा नियमच येथे न जन्मलेल्या जिवाची खुशाली सांगतो.